पंधरा नाही, तीस

भालेराव सिस्टर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की चपला काढता काढता विचारायच्या, "मेन स्विच कुठंय तुमचा?" घरातले गोंधळून जायचे. कुणाला वाटायचं, बाई वीजमंडळातून आल्यात. मग कुणीतरी दारामागं, कपड्यांच्या ढिगाआड दडलेला तो डबा दाखवायचं आणि सिस्टर मान हलवून खुर्चीवर टेकायच्या. कारेगावच्या आमच्या खोलीवर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या बायकोला तो डबा सापडेना. तीन वर्षं आम्ही त्याच खोलीत राहत होतो. सिस्टर म्हणाल्या, "सावकाश शोध. मी थांबते. चहा त्यानंतर."

शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. अंगानं सडपातळ, पांढरी सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजणाऱ्या हाताला लागलेली ती सवय होती. घरात चर्चचं कॅलेंडर, एक रेडिओ, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसवून ठेवलेला एक माणूस.

हा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दचकलोच होतो. मी तेव्हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरीच्या कामावर होतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. सरकारी तपासणी येणार होती आणि प्रथमोपचार शिकलेले कामगार किती, हा रकाना आमच्याकडं कोरा होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, "पवार, शिरूरमधनं एखादी नर्स बघ. तासाभरात काय ते शिकवू दे. तीस जणांच्या सर्टिफिकिटांवर सही घे आणि एक फोटो काढ." चौकशी करत मी मिशन कंपाउंडात पोचलो, तर सिस्टर ओट्यावर बसून त्या माणसाच्या छातीला दाभणानं टाके घालत होत्या.

गोणपाटात काथ्या भरून केलेलं धड, छातीत ट्रकच्या सीटची स्प्रिंग, तिच्याखाली फुटबॉलचा ब्लॅडर, त्याला जोडलेली सायकलची ट्यूब आणि वर कापडाच्या दुकानातल्या मोडक्या पुतळ्याचं डोकं. तोंडात फुंकर मारली की छाती वर यायची. अंगात फुल शर्ट. हा माणूस लूनाच्या मागच्या सीटवर स्वतःच्या पाठीशी बांधून सिस्टर गावोगाव हिंडायच्या. एकदा नगर रोडला मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत, ओरडत आला, "ओ बाई! तुमच्या माणसाचं डोकं पडलं!" सिस्टरांनी लूना वळवली, डोकं उचललं, पदरानं पुसलं, बसवलं आणि ट्रकवाल्याला म्हणाल्या, "थांबलात ते बरं केलंत. असंच थांबत जा." तो बिचारा पांढराफटक पडला होता.

कारखान्यात त्या आल्या, कँटीनच्या फरशीवर बाहुला आडवा केला आणि साडी खोचून गुडघ्यांवर बसल्या. तीस कामगार भिंतीला टेकून, हात खिशात घालून बघत होते. त्यात बरेच बिहार-उत्तर प्रदेशचे. सिस्टरांचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं. तरी ती पोरं हसत हसत पुढं आली, कारण सिस्टर स्वतः हसत नव्हत्या. तास संपला. मॅनेजरसाहेब फोटोग्राफरला घेऊन आले आणि सर्टिफिकिटांचा गठ्ठा पुढं केला. सिस्टरांनी त्यातली अकरा काढून सही केली, बाकीची परत दिली.

"हे काय?"

"हे अकरा जण गुडघ्यावर बसले. बाकीच्यांनी नुसतं बघितलं."

"मॅडम, बघून पण कळतंच की."

"साहेब, तुम्ही पण बघत होतात मघापासनं. दाखवा बरं."

 साहेबांची इस्त्रीची पँट, समोर तीस कामगार. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण साहेब खाली बसले, बाहुल्याच्या छातीवर हात ठेवले आणि चुकीच्या जागी, पोटावर, दाबायला लागले. सिस्टरांनी त्यांचे हात उचलून नीट जागेवर ठेवले. "इथं. दंडानं नको, अंगाच्या भारानं. जोरात. त्याला दुखायचं भान नाही आत्ता." साहेब घामेघूम झाले. उठले आणि मला म्हणाले, "पवार, बाईंना पुढच्या आठवड्यात परत बोलाव. सगळ्यांना बसू दे." तपासणी येऊन गेली तरी सिस्टर दर तीन महिन्यांनी येत राहिल्या. त्यांना आणण्या-पोचवण्याचं काम माझ्याकडं आलं आणि मग सुट्टीच्या दिवशीही मी स्कूटर काढून त्यांच्याबरोबर जायला लागलो.

हे सगळं त्या का करतात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "नोकरीत होते तेव्हा लोक पेशंट घेऊन यायचे. बैलगाडीतनं, जीपमधनं, टेम्पोतनं. पेशंट मधे, आणि भोवती आठ-दहा माणसं हात जोडून बसलेली. देवाला जोडलेले हात होते, वाईट काही नाही. पण अर्धा-अर्धा तास ते हात नुसते बसून यायचे. मला त्या हातांचं वाईट वाटायचं."

शिकवताना त्यांचा आवाज चढायचा नाही. फिट आलेल्याला कुणी चप्पल हुंगवायची म्हटलं, की म्हणायच्या, "चप्पल पायात घाला आणि पळत जाऊन रिक्षा आणा." भाजल्यावर टूथपेस्ट लावणाऱ्याला विचारायच्या, "दात घासायचे होते का त्याचे?" आणि 'मला तर घाबरायला होतं' असं कुणी म्हणालं की ठरलेलं उत्तर, "घाबरायचं तर घाबरा. हात चालू ठेवा म्हणजे झालं."

कवठे येमाईचा वर्ग मला सगळ्यात जास्त आठवतो. शाळेच्या खोलीत पंचवीसेक बायका जमल्या होत्या. बेशुद्ध माणसाच्या खांद्याला हलवून, नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, ही पहिली पायरी. म्हणून सिस्टर प्रत्येक गावात आधी बाहुल्याला नाव ठेवायला सांगायच्या. इथं मात्र भलताच पेच झाला. तुकाराम म्हटलं, तर एकीचा सासरा तुकाराम. बबन म्हटलं, तर दुसरीचा नवरा. प्रत्येक नावाला कुणीतरी पदर तोंडाला लावून मान हलवायची. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "डॅनियल म्हणा."

"ह्ये कुणाचं नाव म्हनायचं?" एका म्हातारीनं विचारलं.

"आमच्या मिस्टरांचं. ते गेले, बारा वर्षं झाली. तुम्ही खुशाल हाका मारा, ते रागावत नाहीत."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. सिस्टरही. पण हसू थांबल्यावर त्या म्हणाल्या, "आता खरं सांगा. तुमचे मालक शेतात पडले, तर हाक कुणाच्या नावानं माराल? अहो म्हणून? अहो म्हटलं तर गावातले सगळे पुरुष वळून बघतील, तेवढे एक सोडून." मग त्यांनी एकेकीला आपल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लावलं. कुणी कुजबुजून घेतलं, कुणी उखाण्यात घालून. ताराबाई म्हणून एक होती, पस्तिशीची, दणकट. तिनं बाहुल्याची छाती सगळ्यांत चांगली दाबली, पण नाव काही घेईना. "न्हाई सिस्टर. जीव गेला तरी न्हाई यायचं तोंडातून."

"कुणाचा जीव?" सिस्टरांनी विचारलं.

ताराबाई पुन्हा बाहुल्यापुढं गुडघ्यांवर बसली.

पुढच्या उन्हाळ्यात कवठ्याहून निरोप आला. सिस्टर आणि मी गेलो. ताराबाईच्या घरासमोर बाजेवर तिचा नवरा बसला होता, उजव्या पंजाला पट्टी. विहिरीवर मोटर सुरू करायला गेला, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावला आणि चिकटला. ताराबाई मागून न्याहारी घेऊन येत होती. तिनं आधी धावत जाऊन मेन बंद केला आणि तरीही हातानं न धरता वाळक्या काठीनं त्याला बाजूला ढकललं. तो पडला तो हलेना. श्वास नाही.

"काय केलंस मग?" सिस्टर तिच्यापुढ्यात बसल्या होत्या.

"हाक मारली."

"कशी?"

ताराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तोच बोलला, "नाव घेतलं तिनं. खंडेराव, आरं खंडेराव, ऊठ म्हनून बोंब मारली. पल्याडच्या रानातल्यांनी आयकली. म्या नव्हती आयकली, पर लोकं सांगत्यात."

"मग दाबलं," ताराबाई म्हणाली. "पंधरा येळा. दोन फुंकरा. पुन्ना पंधरा. किती येळ केलं ठावं न्हाई. गावातल्या भाऊसाहेबांची जीप आली तवर ह्ये खोकलं हुतं."

सिस्टरांनी तिला आणखी दहा प्रश्न विचारले. गुडघे कुठं होते, डोकं मागं केलं होतं का, नाक धरलं होतं का. चेहरा अगदी परीक्षकासारखा. मग चहा घेतला, खंडेरावाची पट्टी तपासली आणि निघालो. गावाबाहेर आल्यावर त्यांनी लूना एका लिंबाखाली उभी केली, मैलाच्या दगडावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. मी स्कूटरपाशी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय पवार. हे खरंच चालतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. आज बरं वाटलं."

सिस्टरांकडं एक वही होती. जिथं जिथं वर्ग घेतला, तिथल्या गुडघ्यावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव तिच्यात होतं. दोन हजार सहा साल असेल, शिरूरच्या एका तरुण डॉक्टरनं त्यांना सहज सांगितलं की नियम बदललाय. आता पंधरा वेळा दाबून दोन श्वास नाही. तीस वेळा दाबायचं, मग दोन श्वास. जास्त दाबलं की रक्त जास्त फिरतं, असं आता कळलंय. डॉक्टरनं ते जसं सांगितलं तसं, चहा पिता पिता, सिस्टरांना घेता आलं नाही. त्या रात्रभर जाग्या राहिल्या असाव्यात, कारण सकाळी सातला त्यांचा मला फोन. "पवार, मी सगळ्यांना चुकीचं शिकवलं."

मी म्हणालो, "सिस्टर, तेव्हा तेच बरोबर होतं."

"तेव्हा बरोबर होतं म्हणून छातीला कळतं का?"

मग अडुसष्टाव्या वर्षी ही बाई वही घेऊन बाहेर पडली. वहीतल्या प्रत्येकाला गाठून नवा आकडा सांगायचा. शिरूरच्या एसटी स्टँडवर चालत्या गाडीच्या कंडक्टरला खिडकीतून ओरडून सांगताना मी त्यांना पाहिलंय, "पंधरा नाही, तीस!" गाडीतल्या लोकांना वाटलं, तिकीट वाढलं. आठवडे बाजारात एका भाजीवालीला सांगितलं, तर शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "तिसाला कुठं गवार असती व्हय?" आमच्या कारखान्यातल्या एका फिटरच्या लग्नात त्या स्टेजवर गेल्या, नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या. तो मुंडावळ्या सावरत गंभीरपणे म्हणाला, "तीस. लक्षात ठेवतो."

वहीतली नावं एकेक करून खोडली जात होती. पण एक नाव त्या पुढं पुढं ढकलत होत्या. दौंडच्या सुदाम सोनवणेचं.

दौंडला एका वस्तीतल्या विहारात त्यांनी काही वर्षांपूर्वी वर्ग घेतला होता. सुदाम रेल्वेत खलाशी. वर्गानंतर दीडेक वर्षानं त्याचा धाकटा भाऊ मधुकर कामावरून आला, चहाचा कप हातात घेतला आणि जागेवर कोसळला. सुदामनं त्याची छाती दाबली, दवाखान्यात नेईपर्यंत दाबली, पण मधुकर वाचला नाही. विहारातल्या कुणीतरी हे सिस्टरांना कळवलं तेव्हा त्या तापानं अंथरुणावर होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी सुदामला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, त्याचंही नाही. आणि आता त्यांना हा नवा आकडा त्याला जाऊन सांगायचा होता.

"पंधरा पंधरा करून त्यानं भाऊ घालवला असेल तर?" त्या मला म्हणाल्या. "त्यानं तसं विचारलं तर मी काय सांगू?"

माझी तेव्हा पुण्याच्या ऑफिसात बदली झाली होती. शिरूर भागातला तो माझा शेवटचा रविवार. मी म्हणालो, "चला, मी येतो. तिथनंच मी पुण्याची गाडी पकडीन." न्हावऱ्याच्या वाटेनं एसटीनं निघालो. सिस्टरांनी लूना नेली नाही, बाहुला नेला नाही. वाटेत पाणीसुद्धा घेतलं नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या सीटकडं बघत बसल्या होत्या.

सुदामचं घर म्हणजे रेल्वेच्या चाळीतली दोन खोल्यांची जागा. दारात चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला माणूस उभा होता. सिस्टरांना पाहून तो दोन पावलं मागं सरला. मग हात जोडले. "जयभीम सिस्टर."

"जयभीम सुदाम."

आत बसलो. सिस्टरांनी मेन स्विच विचारला नाही. पाण्याचा तांब्या समोर आला, त्यांनी हात लावला नाही. सरळ बोलायला सुरुवात केली. नियम बदलल्याचं सांगितलं, आता तीस वेळा दाबायचं हे सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "मी तुला पंधरा शिकवलं होतं. मधुकरच्या वेळी तू पंधराच मोजले असशील. मला हे तुझ्यासमोर येऊन सांगायचं होतं. तू काय म्हणशील ते ऐकायला आले."

सुदाम खाली मान घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा मला कळेना.

"सिस्टर, म्या पंधरा मोजलेच न्हाईत."

"म्हणजे?"

"मोजायचं सुचलंच न्हाई वो. एक, दोन, चार म्हनालो आन् आकडं गेलं डोक्यातनं. रडत हुतो, दाबत हुतो. कवा आठ झालं आसंल, कवा चाळीस. तुमची पत्रं आली. दोन्ही हायेत कपाटात. फोडलीच न्हाईत. मला वाटलं, तुमी इचारनार, सुदाम, मोजलं हुतंस का नीट? काय सांगू? एवढं शिकवलं बाईंनी आन् माज्या चुकीनं भाऊ गेला, म्हनून तोंड दाखवायचं टाळलं म्या. एकदा तुमी ठेसनावर दिसला हुता, तर मी मालगाडीच्या आड उभा राह्यलो."

सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हनले, जागच्या जागी गेला. लई मोठा झटका हुता, दवाखान्यात आसता तरी काय उपेग झाला नसता. पर ते मला समजवायला म्हनत आसतील आसं वाटायचं."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर असं उगाच म्हणत नाहीत. मी त्यांच्यात आयुष्य काढलंय. खोटं समजवायचं असलं तर ते गोलगोल बोलतात. जागच्या जागी असं स्पष्ट म्हणाले ना? मग तसंच होतं ते. तुझं काही चुकलं नाही."

"मग तुमचं बी न्हाई," सुदाम म्हणाला.

आतल्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. मधुकरची बायको, लता. ती शेजारच्याच खोलीत राहायची. ती पुढं आली आणि सिस्टरांच्या पायाशी बसली. "मी तिथंच हुते सिस्टर. रिक्षात घातलं तरी भाऊजींनी हात काढला न्हाई. दवाखान्याच्या दारात दोघांनी वढून बाजूला केलं तवा काढला. माज्या पोरीला मी त्येच सांगते. तुजा बाप गेला, पर कुनी नुसतं बगत बसलं नव्हतं. आमाला त्येचा लई आधार हाय."

 बाहेर शंटिंगचं इंजिन शिट्टी देऊन गेलं. सिस्टरांनी एक लांब श्वास सोडला, समोरचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग म्हणाल्या, "लता, घरात खायला काय आहे गं?"

पिठलं होतं, भाकरी होती. सिस्टरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मधे एकदा सुदामनं कपाटातून ती पत्रं आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "आता फोडू नकोस. त्यात सगळा उपदेश आहे." सुदाम हसला. त्याला हसताना पाहून लता तोंड फिरवून भाकरी थापायला लागली.

दुपारी माझ्या गाडीची वेळ झाली. सुदाम आणि सिस्टर दोघंही स्टेशनवर सोडायला आले. सिस्टरांना संध्याकाळच्या एसटीत बसवायचं सुदामनं कबूल केलं होतं. सिस्टरांनी माझ्या दंडावर थोपटलं. "पुण्याच्या ऑफिसात गुडघ्यावर बसणारे शोध." मी हो म्हणालो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. फोन व्हायचे, पत्रं यायची. तीन वर्षांनी मिशन कंपाउंडातून कुणीतरी कळवलं की सिस्टर झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा दौंडचा प्लॅटफॉर्मच आला.

त्या दुपारी गाडीत जागा धरून मी खिडकीतून पाहिलं, तर सिस्टरांनी एका प्रवाशाची वळकटी मागून घेतली होती. ती फरशीवर आडवी घातली होती आणि सुदाम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. भोवती एक हमाल, दोन-चार बायका, पिशव्या हातात धरून थबकलेले लोक. सुदाम मोठ्यानं मोजत होता आणि त्याच्यामागोमाग तो हमालही मोजायला लागला होता. गाडी हलली तेव्हा ते बाविसावर होते. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. सिस्टरांनी पाहिलं नाही. त्या वाकून सुदामचं कोपर सरळ करत होत्या.